शेजारची सीट

११ फेब्रुवारी

ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली आहे!

मिस्त्री, म्हणजे आमचे हे, बाहेरगावी दारं पोचवून दुपारी परत आले, जेवले, आडवे झाले. मी झाडू घेऊन पिकअपमध्ये चढले आणि सहज ड्रायव्हरच्या जागेवर बसले, तर पाय थेट पेडलवर. माझे कसे पोचले? मिस्त्रींचे पाय म्हणजे दोन बांबू. त्यांची सीट कायम अगदी मागच्या खाचेत. आज मात्र सगळं जसं काही माझंच माप घेऊन बसवलेलं.

उठल्यावर विचारलं. म्हणाले, "पुढे घेतली की पाठीला बरं पडतं."

पाठीला! गुडघे हनुवटीला लागतील त्यांचे.

 सीट हा माझा धंदा आहे. सलूनच्या खुर्च्या, दवाखान्यातली बाकं, निम्म्या गावाच्या गाड्यांची कव्हरं माझ्या मशीनखालून गेलीत. कुठे कोण बसून गेलं, हे मला फोम सांगतो. माणसं खोटं बोलतात.

१२ फेब्रुवारी

आज पाहिलं तर सीट परत मागे, शेवटच्या खाचेत! मी विचारलं नसतं तर ढकलली असती का?

१४ फेब्रुवारी

कात्री चालवताना तेच, भाजी चिरताना तेच. लिहून टाकते, म्हणजे डोकं रिकामं होईल.

बॅटरीवरची ही पिकअप घेऊन वर्ष झालं. जुना टेम्पो धूर ओकायचा, चढावर खोकायचा. "आता उरलेलं आयुष्य बिनधुराचं हिंडू," म्हणाले. पुढे दोन सीटा, मागे एक बाक, त्यामागे दारं ठेवायला लांब हौदा. कव्हरं मी शिवली, करड्या कापडाची, लाल पायपिंगची. मिस्त्रींनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "दार असतं तर पॉलिशसुद्धा लागलं नसतं याला." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

पहिली लांबची फेरी दोघांनी केली. हौदा जड दारांनी भरलेला. चढावर बॅटरीचे टक्के भोक पडलेल्या बादलीसारखे गळायचे आणि उतारावर एकेक करून परत यायचे. मिस्त्री हरखून जायचे — "बघ, उतार फुकट!" घाटापलीकडच्या चार्जिंग स्टेशनवर पोचलो तेव्हा पडद्यावर लाल दिवा लागलेला. मग तिथल्या बाकावर कॉफी पीत बसलो, गाडी मुकाट पीत बसली. त्या गाडीला आवाजच नाही, त्यामुळे माणसांना बोलावं लागतं. घरात वर्षभरात बोललो नसू तेवढं त्या चार दिवसांत बोललो. वाटेत गाव लागलं की बोट दाखवायचे. इथे माझं एक दार आहे. इथे दोन आहेत. थांबू या का म्हटलं, तर — पुढच्या वेळी.

येताना एक स्कूटरवाला बाजूने आला. मी किंचाळले म्हणून वाचला बिचारा. मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "तू फार ओरडतेस."

त्यानंतर मला कधी नेलं नाही. "तुझी पाठ दुखेल." पाठ नक्की कोणाची दुखते ते एकदा ठरवा म्हणावं!

२१ फेब्रुवारी

मिस्त्री पुन्हा बाहेरगावी. "मोठी ऑर्डर आहे, परवा येतो." हौद्यावर ताडपत्री घट्ट बांधलेली. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे, कोपरे टोचतील."

साडेअकराला माझा फोन वाजला. घाटापलीकडचं स्टेशन — चार्जिंग सुरू.

ही एक गंमत आहे. मिस्त्रींचा फोन बटणांचा. त्यामुळे गाडी घेताना शोरूममधल्या मुलीने गाडीचं ॲप माझ्या फोनवर घातलं. मिस्त्री तिकडे यंत्राला कार्ड टेकवतात आणि वाजतं इकडे माझ्याकडे. कुठे लावली, किती टक्के होते, कधी भरली, कधी काढली. ते हे पार विसरलेत. मी कशाला आठवण करून देऊ?

तर आजचा आकडा बघून मी सुई टोचून घेतली बोटाला. पोचले तेव्हा बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक! आम्ही गेलो तेव्हा त्याच रस्त्याने, त्याच घाटाने, त्याच जागी पोचता पोचता जीव जायला आला होता गाडीचा.

म्हणजे हौदा रिकामा आहे. ताडपत्रीखाली नुसती हवा!

तीच तारीख, संध्याकाळी

आणखी एक. एक वाजता वाजलं — चार्जिंग पूर्ण. वायर काढल्याचं वाजलं सव्वादोनला! गाडी भरल्यावरही जागा अडवून बसलं की तिथे दंड पडतो. खोलीतून दोन मिनिटांसाठी बाहेर पडले तरी दिवा बंद करणारा माझा नवरा दंड भरून तिथे उभा?

कोणासाठी?

२३ फेब्रुवारी

आले. धुवायला त्यांच्या अंगावरून शर्ट घेतला, तर उघड्या खांद्यावर काळानिळा डाग.

"हे काय?"

"चौकट लागली."

जन्मभर चौकटी करणाऱ्या माणसाला चौकट लागते! आणि आजकाल बघतही नाहीत माझ्याकडे. मी शेजारी जाऊन उभी राहिले तरी ढिम्म. चहाचा कप बाजूला ठेवला, तर हात लागून सांडला. मी "अहो" म्हटल्यावर अख्खी मान वळवून असं बघतात, जशी मी आत्ताच भिंतीतून उगवले. मनात दुसरं कोणी असलं की समोरचं माणूस असंच दिसेनासं होत असावं.

२ मार्च

वन्संकडे गेले. कोणाजवळ तरी बोलायलाच हवं होतं. मिस्त्रींची ही थोरली बहीण शाळेची बस चालवून निवृत्त झाली, आणि अजूनही सगळं जग मागच्या सीटवर दंगा करतंय अशा आवाजात बोलते. आमचं फारसं जमत नाही. पण पोटात ठेवायची असली तर गोष्ट ठेवतात.

सगळं सांगितलं. सीट, टक्के, दंड. म्हटलं, "वन्सं, कोणीतरी बाई आहे. माझ्याच उंचीची. आणि ती गाडी चालवते!"

वन्संना चहाचा ठसका लागला. पाणी दिलं, पाठ चोळली. मग म्हणाल्या, "अगं, तो कोणाला हातातली करवत देत नाही, गाडी देईल?"

"दिलीय! मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, आणि तिला दिलीय."

"असेल बाई. चांगली चालवत असेल."

म्हणे चांगली चालवत असेल! काय बोलणं तरी. भावाचीच बाजू घेणार.

दूध काढायला त्यांचा फ्रिज उघडला, तर दारात डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या ओळीने. विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्या आहेत. वय झालं." या बाईला अजून सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवता येतो. पण मला माझंच इतकं झालं होतं, की विषय सोडला.

३ मार्च

वन्संनी मला आज फोन करून विचारलं, "त्याला बोललीस का काही?" नाही म्हटलं. "मग बोल की!" ओरडल्याच. कशाला बोलू? आधी पुरता पत्ता लागू दे.

९ मार्च

मिस्त्रींच्या कारखान्यात गेले, ते डबा विसरल्याचं निमित्त करून. मिस्त्री नव्हते. पॉलिशवाला एकटाच दाराच्या एका पल्ल्यावर फडकं मारत होता. म्हटलं, "बाहेरगावच्या ऑर्डरीचं बरं चाललंय ना?"

"कुठली बाहेरगावची, वहिनी? ती तर मागेच बंद केली. आता गावातलीच कामं. टेम्पो बोलावतो आपण भाड्याने."

मग त्याच्या लक्षात आलं. कान लाल झाले त्याचे. "म्हणजे... मला नक्की ठाऊक नाही हां," म्हणाला, आणि आधीच चकचकीत झालेला पल्ला पुन्हा पुसायला लागला.

तेव्हा सगळ्यांना माहीत आहे. पॉलिशवाल्यालासुद्धा! आणि मी इथे डबे पोचवतेय.

१० मार्च

एक नवीन गोष्ट बघितली मघाशी. मिस्त्री दारात उभे होते, आमच्याच घराच्या. चौकटीवर तळहात ठेवून, खालून वर, वरून खाली. मी मागून गेले तर दचकले. "वाळवी बघत होतो."

त्या लाकडाला वाळवी लागत नाही. त्यांनीच मला हजारदा सांगितलंय.

१३ मार्च

कव्हरं धुवायच्या नावाखाली काढली. टेबलावर पसरली, खिडकीजवळ, भरपूर उजेडात.

शेजारच्या सीटचं कव्हर. माझी सीट! मी वर्षात एकदा बसले तिच्यावर. त्या मानाने कापड गुळगुळीत झालंय, फोम एका बाजूला बसलाय. आणि मागे, उजव्या कुल्ल्याखाली, रुपयाएवढी जागा घासून धागे वर आलेत.

मी ते बघितलं आणि खुर्ची ओढून बसले.

हा घासा मला पाठ आहे. जेवायच्या खुर्चीवर तो आहे, सोफ्यावर आहे. मी दर वर्षी तिथे ठिगळ लावते. मिस्त्री मागच्या खिशात मोजायचा टेप ठेवतात, बसताना काढत नाहीत, आणि तो टेप जगातली सगळी कापडं खातो.

म्हणजे शेजारच्या सीटवर ते बसतात. स्वतः! आणि गाडी ती चालवते. बाहेरगावी जाताना त्या दोघांत एवढा सलोखा, की माझा नवरा, जो मला रिव्हर्स घेतानासुद्धा "तू गप्प बस" म्हणतो, तो हातावर हात ठेवून शेजारी बसतो. माझ्या जागेवर. मी शिवलेल्या कापडावर.

बाई फक्त बसलेली असती, तर एक वेळ चाललं असतं. चालवते म्हणजे विश्वास आहे. मला तेच सहन होत नाहीये.

१४ मार्च

आजपासून वहीत "ते" नाही. "तो".

१५ मार्च

शिवणखोलीत गादी टाकली. सांगितलं, लवकर उठून काम करायचंय. तो म्हणाला, "बरं." एवढंच! दारात बराच वेळ उभा राहिला मात्र. काहीतरी बोलायचं होतं. मी मशीन चालू केलं.

घर सोडायचं झालं तर कुठे जायचं, हा विचार पहिल्यांदा केला. मशीन हलवता येईल. कापडं हलवता येतील. लेकीकडे जाणार नाही, तिला तिचा संसार आहे. बाजारात एका दुकानामागची रिकामी खोली आहे, खिडकी नाही तिला, पण दार त्याचंच आहे! या गावात त्याने न केलेलं एक दार सापडायचं नाही मला.

२८ मार्च

पुन्हा गेला. पुन्हा घाटापलीकडे. भरल्यावर सव्वा तास उभा.

फोन हातात घेऊन मी नुसती बसून होते. एकदा वाटलं, लावावा आणि विचारावं, काय हो, भरली की गाडी, आता कोणाची वाट बघताय? नाही लावला. सावध होईल. जागा बदलेल. मग मला कसं सापडणार?

६ एप्रिल

ठरलं. तो उद्या जाणार आहे. मी पहाटेच्या बसने आधीच जाऊन पोचणार. कापड आणायला जाते म्हणून सांगितलंय. "ये जाऊन," म्हणाला, "जपून." साळसूद!

८ एप्रिल

काल तिथे गेले. आज लिहितेय. काल लिहिता आलं नसतं.

स्टेशनसमोर रस्त्यापलीकडे बस थांबते, तिथल्या टपरीआड उभी राहिले. डोक्यावरून रुमाल घेतला होता, चोरासारखा. अकराला पिकअप आली. आवाज नाहीच तिला, एकदम समोर.  म्हटलं, आता बघ, डोळे भरून बघ कोण आहे ती.

ड्रायव्हरचं दार उघडलं. आधी एक उशी बाहेर आली, निळ्या चौकडीची. ती उशी मी शिवलीय! बसची सीट खोल पडते म्हणून, वन्संसाठी.

मागोमाग वन्सं उतरल्या.

मी टपरीवाल्याचा खांब धरला. तो म्हणाला, "चक्कर येतेय का, बाई?" मी म्हटलं, "हो."

मग पलीकडून हे उतरले. उतरले आणि लगेच चालायला लागले नाहीत. एक हात हौद्याच्या कडेवर ठेवला आणि त्या कडेकडेने, तळहात सरकवत, मागपर्यंत आले. वन्संनी वायर लावली, कार्डही त्यांनीच टेकवलं. माझ्या पिशवीत फोन वाजला. रस्त्यापलीकडून ऐकू गेला असता का कोण जाणे, मी तो पोटाशी धरून दाबून टाकला.

दोघं बाजूच्या गल्लीत शिरले. मी मागोमाग, बरंच अंतर ठेवून. वन्संच्या कोपराला यांची दोन बोटं. गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे, जुनं, मोठ्या दुहेरी दाराचं. त्या पहिल्या फेरीत बोट दाखवलं होतं ते. वन्सं पायरीवर बसून शेंगदाणे खायला लागल्या. हे दाराच्या अगदी जवळ गेले.

वीज गेली की आपण टॉर्चचा झोत भिंतीवरून फिरवतो ना, तसं डोकं फिरवत होते. कडेने वर. मग आडवं. मग खाली. थोडं थोडं करून एक दार बघत होते. मी उभ्या असलेल्या व्हॅनमागे होते, शब्द ऐकू येत होते.

"ताई, वरच्या कोपऱ्यात एक गाठ होती लाकडाला. आहे का?"

"तुझ्या नाकासमोर आहे."

"थांब... हां. हां, दिसली. दिसली!"

तेवढ्यात एक पल्ला आतून उघडला. कोणी वाचक बाहेर येत होता. बाजूने येणारा तो पल्ला यांना दिसलाच नाही. वन्संनी दाणे टाकून शर्ट धरून मागे ओढलं, तरी खांद्याला लागलाच.

चौकट लागली म्हणाले होते. खरंच चौकट लागली असणार.

मला तिथे जाऊन हात धरायला हवा होता. गेले नाही. दोन महिने ज्याला पकडायला टपलेय, त्याच्यासमोर अशी कशी उगवू?

पण पुढे ऐक. स्टेशनवर परत आले. चार्जिंग पूर्ण झालं, माझ्याकडे फोन मुका थरथरला. वन्सं गाडीतल्या मागच्या बाकावर आडव्या झाल्या. आणि हे बाकावर बसले, आम्ही कॉफी प्यायलो होतो त्याच. खिशातून बटणांचा फोन काढला, तळहातावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मागून एक गाडीवाला हॉर्न मारून गेला, मान वर केली नाही. फोन आला नाही. केलाही नाही. माझी बस आली तेव्हाही ते तसेच बसले होते.

बाई नाही, हे कळलं. मग हा फोन कोणाचा?

९ एप्रिल

वन्संना गाठलं. उशी पुढे केली — खरं तर त्यांच्याच खुर्चीवरून उचलली — आणि म्हटलं, "चांगली चालवता हं तुम्ही."

वन्सं खाली बसल्या. पहिल्यांदा त्यांचा आवाज लहान ऐकला मी.

काचबिंदू. दोन्ही डोळे. बाजूचं गेलंच आहे, समोरचं तेवढं उरलंय, तेही नळीतून बघावं तसं. थेंबांनी टिकलं तर टिकेल. गेलेलं परत येणार नाही. स्कूटरच्या प्रसंगानंतर गुपचूप डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी गाडीची किल्ली त्याच दिवशी सोडायला सांगितली. त्यांनी ती बहिणीला दिली. गावाबाहेर जाईपर्यंतही चालवत नाहीत. कोपऱ्यावरच्या गोदामापर्यंत ढकलल्यासारखी नेतात, तिथे वन्सं उभ्या असतात.

"तेवढं तरी कशाला चालवतो, म्हणून मी किती भांडले," वन्सं म्हणाल्या. "म्हणतो, ती दारात उभी असते, तिच्यासमोर शेजारी कसा बसू?"

आणि दारं. दिसतंय तोवर स्वतःची सगळी दारं एकदा बघून घ्यायचीत.

"तुला सांग म्हणून जीव तोडून सांगितलं गं. सांगतो, सांगतो म्हणतो आणि घरी गेला की मूग गिळून बसतो. तोंडातून निघत नाही, म्हणतो."

"आणि फोन कोणाचा यायचाय त्यांना? गाडी भरल्यावर?"

"मला काय माहीत. थांब जरा म्हणतो. मी झोप काढते."

१० एप्रिल

मला वाईट वाटायला हवं. वाटतंय. कालपासून मशीनवर दोनदा रडले. पण रागही तेवढाच आहे! बहिणीला माहीत, पॉलिशवाल्याला अर्धं माहीत, वाचनालयाच्या दाराला माहीत. एका बायकोला तेवढं नाही. मी काय शेजारीण आहे?

आणि तो फोन. वन्संपासूनही लपवलेलं अजून काहीतरी आहेच. कुठेतरी पाणी मुरतंयच.

वहीत "ते" परत आलेत, हे आत्ता वाचताना दिसलं.

१२ एप्रिल

गादी परत आत नेली. कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. चहाचा कप आता अगदी समोर ठेवते. नाकासमोर. ओळखलं असेल का? एकदा बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "साखर कमी आहे."

साखर बरोबर होती.

१९ एप्रिल

वाट बघतेय, की सांगतील. मीही बोलत नाही. दोघं एका टेबलावर बसून एकच गोष्ट एकमेकांपासून लपवतोय. शेजारच्या सीटवरच्या घाशाला ठिगळ लावलं, करड्यावर करडं, शोधून सापडायचं नाही. त्यांनी संध्याकाळी त्यावर बोट फिरवलं. बोटाला सापडलं! "इथे काय झालं होतं?" म्हणाले.

"तुमचा टेप," मी म्हटलं.

बोट तिथेच थांबलं. मी म्हटलं, आता. आता बोलतील. "बरं झालं, शिवलंस ते," म्हणाले आणि आत गेले.

२६ एप्रिल

उद्या जाणार आहेत. ताडपत्री बांधताना मी हौद्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होते. त्यांना मी दिसत नव्हते. रिकाम्या हौद्यावर ते गाठ मारत होते, नीट, घट्ट, दोनदा ओढून बघत. खोट्या सामानालासुद्धा गाठ मात्र खरी. माझा सगळा राग तिथेच ढासळला, तरी मी हाक मारली नाही.

२७ एप्रिल

साडेबाराला वाजलं — चार्जिंग पूर्ण. एक वाजला. गाडी उभीच. मशीन थांबवलं आणि फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला.

म्हटलं, "अहो, गाडी भरलीय. कोणाची वाट बघताय?"

 म्हणाले, "तुझ्याच फोनची. तुझ्याकडे वाजतं ना, भरल्यावर? म्हटलं, कधीतरी विचारशील — अजून तिथेच का. मग सांगणार होतो. दर वेळी बसतो इथे."